‘उज्ज्वल’मधला दुसरा ज

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही आठवडे आपल्या वाचकपत्रांत ‘आजच्या मुलांना म्हाताऱ्या माणसांसाठी वेळ नाही’ या विषयावर पत्रे येत आहेत. एका काकांनी लिहिले होते, की मुले वृद्धाश्रमात जातात ती प्रमाणपत्रासाठी, फोटो काढतात आणि परत येतात. ते पत्र वाचून मला आधी राग आला. मग राग गेला, कारण दीड वर्षापूर्वी मी स्वतः अगदी तेच केले होते. तेव्हा काय झाले आणि त्यानंतर काय झाले, ते काकांना आणि माझ्या वयाच्या मुलांना सांगावेसे वाटते, म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे. कापायचे असेल तर माझ्या पळण्याबद्दलचा भाग कापा, आजोबांचा ठेवा, ही विनंती.

मी सतरा वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात पुढच्या शिक्षणासाठी एक अर्ज भरायला घेतला. त्यात एकाखाली एक दोन चौकटी होत्या. पहिलीत ‘आतापर्यंतची सर्वांत अभिमानास्पद वैयक्तिक कामगिरी, पन्नास शब्दांत’ लिहायची होती. दुसरीत ‘स्वयंसेवा, एकूण तास’. पहिली चौकट मी तीनदा पेन्सिलीने भरली आणि तीनदा खोडली. कागद तिथे पातळ झाला.

पहिल्यांदा लिहिले ते पळण्याबद्दल. मी १५०० मीटर पळतो. सुरुवातीला मला ५ मिनिटे ३४ सेकंद लागायचे, आता ४ मिनिटे ५८ सेकंद लागतात. ही छत्तीस सेकंदे कमी करायला दोन वर्षे गेली. पहाटे अंधारात उठायचो, बुटांच्या नाड्या चाचपडत बांधायचो, तिसऱ्या फेरीत पाय शिशाचे व्हायचे तरी थांबायचो नाही. स्पर्धेत मी एकदाच तिसरा आलो, त्याच्या वर कधी गेलो नाही. तरी त्या छत्तीस सेकंदांचा मला मनापासून अभिमान आहे. त्या कुणी दिलेल्या नाहीत, मी एकेक करून काढल्या आहेत.

दुसऱ्यांदा लिहिले ते बोलण्याबद्दल. मी अडखळत बोलतो. अगदी लहान असल्यापासून. क, प, त अशा अक्षराने सुरू होणारा शब्द आला की घशात दार बंद झाल्यासारखे होते. शब्द मला माहीत असतो, समोर दिसत असतो, पण बाहेर येत नाही. माझे स्वतःचे नावही अशाच एका अक्षराने सुरू होते, त्यामुळे ‘नाव काय तुझे?’ हा जगातला सगळ्यांत सोपा प्रश्न मला सगळ्यांत अवघड जातो. मोठ्या माणसांत शंभरातल्या साधारण एकाला ही अडचण असते, हे मला फार उशिरा कळले. वर्गात धडा वाचायची पाळी यायची तेव्हा मी पुढची मुले मोजायचो, मग परिच्छेद मोजायचो, माझ्या वाट्याला कोणता येणार ते हेरून त्यातले अवघड शब्द शोधून ठेवायचो. आधीची मुले काय वाचत होती ते मी कधी ऐकलेच नाही.

अडखळणाऱ्या माणसाला सगळ्यांत जास्त काय लागते, ते इथे सांगतो. हसणे लागतेच, पण त्याची सवय होते. समोरचा आपला शब्द आपल्याऐवजी पूर्ण करतो ना, ते जास्त लागते. तो बिचारा मदत म्हणूनच करतो. मी ‘प... प...’ करत असतो आणि तो म्हणतो, ‘पेन? पुस्तक? पाणी?’ माझ्या तोंडातला घास काढून घेतल्यासारखे वाटते. नववीत असताना एकदा मी वर्गासमोर उभा राहिलो आणि सांगितले, ‘मी अडखळतो. मला वेळ लागेल. शब्द माझा मलाच पूर्ण करू द्या.’ एवढी तीन वाक्ये बोलायला मला बहुतेक मिनिटभर लागले. कुणी मध्ये बोलले नाही. तो दिवस मी विसरणार नाही. पण अर्जात तेही लिहून खोडले, कारण या दोन्हींपेक्षा मोठी गोष्ट तोवर माझ्या हातून झाली होती आणि ती पन्नास शब्दांत मावत नव्हती.

आता काकांच्या पत्रातली गोष्ट. १ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन. संयुक्त राष्ट्रांनी १९९० च्या डिसेंबरात तसा ठराव केला आणि १९९१ पासून तो पाळला जातो. त्या निमित्ताने आम्ही तीस मुले एका वृद्धाश्रमात गेलो. नाव लिहीत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. दोन तासांचा कार्यक्रम होता. गाणी झाली, एक नाच झाला, माइक मोठा होता. नंतर प्रत्येकाने एकेका आजी-आजोबांशेजारी बसून फोटो काढले. मी एका आजींशेजारी बसलो. त्यांना कमी ऐकू येत होते, म्हणून मी त्यांच्या कानाजवळ तोंड नेऊन जोरात ओरडून बोललो. त्यांनी मान मागे घेतली, तरी मी पुन्हा तसाच ओरडलो.

वयाबरोबर ऐकू कमी येते ते सगळे सारखे कमी होत नाही, हे मला नंतर समजले. आधी बारीक, उंच आवाज जातात. म्हणजे स, श, त, फ यांसारखी व्यंजने पुसट होतात आणि स्वर तेवढे शाबूत राहतात. ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’ असे म्हातारी माणसे म्हणतात ते शब्दशः खरे असते. ओरडले की स्वरच आणखी मोठे होतात, व्यंजने होती तिथेच राहतात. वर तो आवाज कानाला टोचतोही. समोर बसावे, तोंडावर उजेड असावा, ओठ दिसावेत, सावकाश आणि थोड्या खालच्या पट्टीत बोलावे. एवढी एक गोष्ट आम्हा तीस मुलांना कुणी निघण्याआधी पाच मिनिटांत सांगितली असती, तर त्या दिवशीचे निम्मे बोलणे तरी कुणाला कळले असते.

निघताना आजींनी माझा हात धरला आणि विचारले, ‘पुढच्या शनिवारी येशील?’ मी ‘हो’ म्हणालो. आमच्यातले जवळजवळ सगळेच कुणाला ना कुणाला ‘हो’ म्हणाले. ‘हो’ म्हणायला काय लागते? मला तर तो शब्द कधीच अडत नाही.

मी गेलो तो पाच आठवड्यांनी. तेही प्रमाणपत्रावर सही राहिली होती म्हणून. तिथे काम करणाऱ्या मावशींनी मला ओळखले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, ‘आजी तीन शनिवार केस विंचरून, धुतलेली साडी नेसून दारासमोरच्या खुर्चीत बसत होत्या. चौथ्या शनिवारी खोलीतच राहिल्या.’ मी म्हटले, मला त्यांना भेटायचे आहे. मावशी आत जाऊन विचारून आल्या. आजींनी निरोप पाठवला होता, ‘मला आता कुणी नको.’ ती खुर्ची तिथेच होती, दाराकडे तोंड करून.

मी आजवर शर्यतीत हरलो आहे, वर्गात हसे झाले आहे, पण त्या खुर्चीकडे पाहून मला जसे वाटले तसे कधी वाटले नव्हते. मी परत निघालो. मावशींनी मागून हाक मारली आणि विचारले, ‘खरंच यायचंय का तुला?’ मी मान हलवली. त्या म्हणाल्या, ‘मग मी एक आजोबा देते. त्यांच्याकडे कुणी बसत नाही, कारण ते बोलत नाहीत. पण हो म्हणायच्या आधी नीट विचार कर.’

हे आजोबा पूर्वी छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे जुळवण्याचे काम. खणाखणांच्या मोठ्या पेटीतून एकेक अक्षर हाताने उचलायचे आणि ओळीत लावायचे. देवनागरीची जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या धरून पेटीला शेकडो खण असायचे आणि बोटांना प्रत्येक खण पाठ असायचा. खिळ्यावरचे अक्षर आरशातल्यासारखे उलटे असते, म्हणजे ही माणसे उलटे वाचायची आणि आपण ते सुलटे वाचायचो. हे सगळे मला मावशींनी आणि नंतर त्यांच्या मुलीने सांगितले. आजोबा सांगू शकत नव्हते. चार वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि बोलणे गेले.

बोलणे गेले म्हणजे काय, हे मला त्यांच्याकडे जाईपर्यंत माहीत नव्हते. मला वाटायचे, बोलता येत नाही म्हणजे समजतही नसणार. तिथे येणारे पुष्कळ जण तसेच वागतात. त्यांच्यासमोरच त्यांच्याबद्दल बोलतात, किंवा लहान मुलाशी बोलावे तसे बोलतात. पॅरिसजवळच्या एका रुग्णालयात पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी १८६१ साली एका रुग्णाबद्दल लिहून ठेवले आहे. त्या माणसाला ‘तां’ एवढा एकच उच्चार करता यायचा. काहीही विचारले तरी ‘तां, तां’. पण त्याला बोललेले बरेचसे समजायचे, आणि आपले म्हणणे समोरच्याला कळले नाही की तो चिडायचा. तो गेल्यावर ब्रोकांनी त्याचा मेंदू पाहिला, तर डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा झालेली आढळली. मेंदूतल्या त्या जागेला आजही ब्रोकांचे नाव आहे. डॉक्टर या आजाराला अफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात. यात शब्द हरवतात, माणूस हरवत नाही. आमच्या आजोबांचा उच्चार ‘ते... ते...’ असा आहे. आनंदात ‘ते’, रागात ‘ते’, नको असले तरी ‘ते’. फरक सगळा सुरात आणि डोळ्यांत.

पहिला शनिवार वाईट गेला. मी अडखळत काहीतरी बोललो, ते ‘ते ते’ म्हणाले, मग दोघेही खिडकीबाहेर पाहत बसलो. घड्याळ मोठ्याने वाजत होते. दुसरा शनिवारही तसाच. तिसऱ्या शनिवारी आजोबांनी डाव्या हाताने टेबलाकडे बोट केले आणि ‘ते... ते...’ सुरू केले. टेबलावर चष्मा होता, रुमाल होता, रेडिओ होता, वर्तमानपत्र होते. मी पटापट विचारत सुटलो, ‘चष्मा? रुमाल? रेडिओ लावू?’ आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले.

ती पाठ मी ओळखली. नववीच्या आधीची माझीच पाठ होती ती.

मी काही बोललो नाही. खुर्ची सरकवून त्यांच्यासमोर बसलो आणि वाट पाहिली. बराच वेळ गेला. त्यांनी तोंड वळवले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा ‘ते’ म्हणाले, थांबले, ओठ मिटले आणि अतिशय कष्टाने ‘पे’ असा आवाज काढला. मी तरीही थांबलो. ‘पे... प.’ पेपर. मी पेपर उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांच्या कपाळावर घाम होता. मला प त्रास देतो म्हणून मी जाणतो, त्या एका प ला काय लागते.

तिथे महिन्यातून दोनदा स्पीच थेरपिस्ट ताई येतात. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. वाचाघात झालेल्या माणसाला मनातले सांगायला शब्द सापडत नाही, पण लहानपणापासून घोकून पाठ झालेल्या गोष्टी, म्हणजे आकडे, वार, एखादे गाणे, ओळीने सुरू केले की पुष्कळदा आपोआप येतात. गाण्याच्या चालीचा उपयोग करून शब्द परत आणण्याची एक पद्धत अमेरिकेत १९७३ साली मांडली गेली आणि ती आजही वापरतात. ताई म्हणाल्या, ‘त्यांच्याबरोबर एक ते दहा म्हणून बघ. पण बरोबरीने म्हण, पुढे पळू नकोस.’

आता हे वाचताना आपल्याला ही छोटी गोष्ट वाटेल. आम्ही समोरासमोर बसलो. मी त्यांच्या ओठांकडे पाहत होतो, ते माझ्या. मी गुडघ्यावर बोटाने ठेका धरला आणि ‘एक’ म्हणालो. ते ‘ते’ म्हणाले. पुन्हा ‘एक’. त्यांनी मान हलवली. तिसऱ्यांदा आम्ही दोघांनी एकदमच म्हटले, ‘एक’. ‘दोन.’ ‘तीन.’ आवाज खरखरीत होता, खोल, बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या दाराच्या बिजागरीसारखा. ‘चार, पाच, सहा.’ दहापर्यंत पोचलो तेव्हा त्यांचा डावा हात माझ्या गुडघ्यावरच्या बोटांवर होता आणि ठेका आता ते धरत होते. ‘तीन’ आणि ‘पाच’ म्हणताना मीही कुठे अडलो नव्हतो. ते माझ्या नंतर लक्षात आले. अडखळणारा माणूस दुसऱ्याबरोबर एका सुरात बोलला की बहुधा अडखळत नाही, हे शास्त्राला पुष्कळ आधीपासून माहीत आहे. मला ते त्या दिवशी माझ्या अंगावर कळले. दोघेही न अडता बोललो असा तो पहिला संवाद, आणि त्यात फक्त आकडे होते. मावशी दारात उभ्या होत्या. त्या डोळे पुसत आत गेल्या.

त्यानंतर आमचा क्रम ठरला. आधी आकडे, मग वार, मग पेपर. पेपर म्हणजे आपलाच पेपर, संपादक महोदय. मी मोठ्याने वाचतो, ते ऐकतात. त्यांना वाचायला सावकाश का होईना जमते, पण लांब मजकुराने दमतात. वर्गात वाचताना मी जसा अडतो तसा इथेही अडतो. पण इथे कुणी घाईत नसते. एखाद्या शब्दावर मी अडलो की आजोबा पानावरून नजर न हलवता थांबून राहतात. त्यांनी कधीही ‘हं, हं, पुढे’ अशी खूण केली नाही. वाचून दाखवण्याची मला पूर्वी धास्ती होती, आता शनिवारची मी वाट पाहतो.

एका शनिवारी मी आतल्या पानावरचा एक लेख वाचत होतो. ‘उज्ज्वल भविष्य’ असे शब्द आले आणि आजोबांचे डावे बोट सावकाश वर आले आणि त्या शब्दावर टेकले. मला वाटले, पुन्हा वाचायचे आहे. मी वाचले. बोट हलेना. ‘ते,’ ते म्हणाले. मी पुन्हा वाचले, ‘उज्ज्वल’. त्यांनी मान जोरात हलवली आणि नखाने त्या शब्दावर दोनदा टकटक केली. मी अक्षर न् अक्षर पाहिले. उ. मग ज ला जोडलेला व. मग ल. मला काही दिसेना. माझ्या तोंडात ‘उज्ज्वल’ येत होते, कारण तो शब्द मला माहीत होता. छापलेले मी वाचतच नव्हतो. आजोबा वाट पाहत होते. किती वेळ ते सांगता येत नाही, पाच मिनिटे असतील. आणि मग मला दिसले. छापले होते ‘उज्वल’. दोन ज हवेत, तिथे एकच होता.

मी म्हणालो, ‘ए... एक ज पडला आहे.’ आजोबा हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिले. अर्धा चेहरा हसतो त्यांचा, पण डोळे पूर्ण हसतात. मग त्यांनी हात पुढे केला आणि बोटांनी चिमटीची खूण केली, जसे काही उचलतो आहोत. मला कळेना. मावशींना कळले. त्या म्हणाल्या, ‘पेन मागताहेत.’ त्यांनी डाव्या थरथरत्या हाताने समासात एक रेघ मारली, तिच्या टोकाशी वाकडातिकडा अर्धा ज काढला आणि त्याभोवती गोल केला. मुद्रितशोधक करतात तसा. चार वर्षांत त्यांनी पेन धरले नव्हते.

त्यांच्या मुलीला हे कळवले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘बाबा घरी आले की बोटांवर शाई असायची आणि तोंडात कुणाची तरी चूक. आम्हाला वाटलं होतं, ते सगळं गेलं.’

तेव्हापासून आजोबांजवळ तांबडे पेन असते. प्रत्येक पानात चुका सापडतात असे नाही, तो आपल्या मुद्रितशोधकांचा गुण आहे, हे मी मुद्दाम नोंदवतो. कधी दोन-दोन शनिवार काही सापडत नाही आणि आजोबा खट्टू होतात.

मी एक शनिवार चुकवला, तेही लिहायला हवे. परीक्षा होती आणि मी कळवायला विसरलो. पुढच्या आठवड्यात गेलो तर त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या शनिवारी तांबडा काट मारलेला होता. बाकीच्या प्रत्येक शनिवारी गोल होता. मी येऊन गेलो की ते गोल करतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. मी माफी मागितली. त्यांनी एक ते दहा म्हणायला त्या दिवशी नकार दिला आणि ते बरोबरच होते. त्यानंतर यायला जमणार नसेल तर मी दोन दिवस आधी मावशींना फोन करतो, आणि त्या कॅलेंडर दाखवून त्यांना सांगतात. अशा दिवशी काट नसतो, रिकामा चौकोन असतो. काट आणि रिकामा चौकोन यांतला फरक मला त्यांनी शिकवला.

आता माझे मागणे. मुलांकडून स्वयंसेवा करून घेणाऱ्या शाळा-महाविद्यालयांनी आणि संस्थांनी तास मोजणे थांबवावे. तीस मुले दोन तास, म्हणजे कागदावर साठ तास होतात आणि त्यातून एका आजींच्या वाट्याला तीन रिकामे शनिवार येतात. त्यापेक्षा एका मुलाला एक माणूस द्या. तोच माणूस, तोच वार, तीच वेळ, निदान एक वर्ष. पंधरवड्यातून एकदाच जमत असेल तर तसे ठरवा, पण ठरवले ते पाळा. जमणार नसेल तर पहिल्या दिवशीच सांगा, आणि ‘पुन्हा येईन’ असे म्हणू नका. १ ऑक्टोबरला तिथे गर्दी असते, मावशींना खुर्च्या अपुऱ्या पडतात. ८ ऑक्टोबरला कुणी नसते. कुणाला खरोखर सुरुवात करायची असेल, तर मी म्हणेन ८ तारखेपासून करा.

आणि मुलांना नुसते पाठवू नका, थोडे शिकवून पाठवा. कमी ऐकणाऱ्याशी कसे बोलायचे, वाचाघात झालेल्याला ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असे प्रश्न कसे विचारायचे, स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला ‘मला ओळखलंत का?’ असे विचारून का पेचात टाकायचे नाही. त्याऐवजी आपणच आपले नाव सांगून बसायचे. माझे नाव मला अडते, तरी मी दर वेळी पूर्ण सांगतो. विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. हे शिकवायला एक दुपार पुरते. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६९ साली वयावरून माणसाला कमी लेखण्यासाठी एक वेगळा शब्द वापरात आणला, आपण त्याला वयभेद म्हणू शकतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे निरोगी वार्धक्याचे दशक ठरवले आहे आणि त्यातही ही दृष्टी बदलणे हे पहिल्या कामांत धरले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०३० पर्यंत जगातली दर सहांतली एक व्यक्ती साठ किंवा त्याहून अधिक वयाची असेल. एवढ्या माणसांशी बोलायचे कसे, हे आम्हाला कुणीतरी शिकवायला हवे. आम्ही शिकू.

पत्र लिहिणाऱ्या काकांना एक सांगायचे आहे. आपण म्हणता ते खरे आहे, पण आमच्यातल्या पुष्कळांना ‘परत ये’ असे नीट कुणी सांगितलेलेच नसते. मला मावशींनी सांगितले. आपल्या ओळखीत असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्याला रागवण्याआधी एखाद्या आजोबांचे नाव आणि वार सांगून पाहा.

अर्जातली चौकट मी शेवटी भरली. लिहिले, ‘वाचाघात झालेल्या एका आजोबांकडे मी दर शनिवारी जातो. तिसऱ्या शनिवारी त्यांचा शब्द मी त्यांच्याऐवजी बोललो. त्यानंतर एकदाही बोललो नाही.’ पन्नास शब्दसुद्धा लागले नाहीत. ‘एकूण तास’च्या चौकटीत ‘६१ शनिवार’ लिहिले. ते अर्ज तपासणाऱ्यांना चालेल की नाही, मला माहीत नाही.

ज्या आजी मला भेटल्या नाहीत, त्या आता कधी कधी मी पेपर वाचत असताना शेजारच्या खुर्चीत येऊन बसतात. माझ्याशी बोलत नाहीत. मी त्यांना ऐकू जावे म्हणून खुर्ची थोडी वळवून, सावकाश वाचतो.

हे पत्र मी शनिवारी आजोबांना वाचून दाखवले. त्यांनी दोन ठिकाणी थांबवले. एका जागी माझी वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त केली आहे. दुसरी चूक आपली आहे. त्याच दिवसाच्या अंकात शेवटच्या पानावर, तळाच्या बातमीत ‘आशिर्वाद’ छापले आहे. शि दीर्घ हवी, ‘आशीर्वाद’. आजोबांच्या वतीने कळवत आहे.

आपला नम्र,
एक सतरा वर्षांचा वाचक
(नाव-पत्ता संपादकीय विभागाकडे दिला आहे. आजोबांच्या घरच्यांच्या इच्छेवरून छापू नये.)